सर्फ आणि बीहॉपच्या रनचे गुण कसे काढायचे: कळव्याच्या वहीतून

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हिशेब बघते. दिवसभर बिलं, चलनं, कुणाकडून किती येणं आणि कुणाला किती देणं. रविवारी संध्याकाळी मात्र वेगळी वही उघडते. काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या खेळात आमचा अकरा जणांचा ग्रुप रन करतो, म्हणजे वेळ लावून धावण्याच्या फेऱ्या. त्या रनचे गुण त्यात लावते. सगळ्यांत लहान मेंबर अकरावीत आहे आणि सगळ्यांत मोठी मी, ४३ वर्षांची. नवीन आलेला प्रत्येक जण महिन्याभरात एक प्रश्न विचारतोच: "ताई, माझा टाइम सुधारला, मग गुण कमी कसे झाले?" दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. कळवा, ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, कुठेही तुमचा चार-पाच जणांचा ग्रुप असेल तर याच पद्धतीने तुम्हीही वही ठेवू शकाल. लागतो फक्त फोनमधला कॅल्क्युलेटर.

मी या नादाला लागले त्याला कारण माझा भाचा. एका गेमिंग कॅफेत स्पर्धा होती. तिथे रनचा वेळ एक माणूस मागे उभा राहून फोनच्या स्टॉपवॉचवर घेत होता. भाचा दशांश सेकंदाने दुसरा आला. डोळ्यांना दिसल्यावर बोट हलायलाच माणसाला साधारण दोन दशांश सेकंद लागतात, म्हणजे ज्या फरकावर निकाल लागला तो फरक त्या बोटाचा होता की खेळणाऱ्याचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पोरगं घरी आलं आणि जेवताना एक शब्द बोललं नाही. त्या रात्री मी त्याला म्हटलं, मला हा खेळ दाखव, आणि वेळ नक्की कसा मोजतात ते दाखव.

नेमकं काय मोजतो?

खेळ बंदुकीचा आहे, पण आमच्या रनमध्ये गोळी सुटत नाही. समोर शत्रू नसतो. मॅपच्या, म्हणजे खेळातल्या मैदानाच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमीत कमी वेळात पोहोचायचं, एवढंच. सर्फमध्ये तिरक्या रॅम्पवरून घसरत जायचं. बीहॉपमध्ये जमिनीला पाय लागताक्षणी पुन्हा उडी, म्हणजे घर्षणाला वेग खायला वेळच मिळत नाही. केझेडमध्ये ठोकळ्यांवरून अवघड उड्या मारत वर चढायचं.

हे सगळं खेळाच्या इंजिनातल्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधल्या, दोन गोष्टींमुळे जमतं, आणि गुण समजायला त्या माहीत हव्यात. पहिली: उतार साधारण साडेपंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त उभा असेल तर इंजिन त्याला जमीन मानतच नाही. जमीन नाही म्हणून घर्षण नाही, म्हणून माणूस घसरतच राहतो. दुसरी: हवेत असताना तुम्ही ज्या दिशेची की दाबता त्या दिशेने तुमचा वेग सेकंदाला ३० युनिटपेक्षा कमी असेल तरच इंजिन त्यात भर घालतं (युनिट म्हणजे खेळातलं अंतराचं माप). पळण्याचा वेग हातात चाकू असताना २५० असतो, त्यामुळे हवेत सरळ पुढची की दाबून काही मिळत नाही. पण डावीकडची किंवा उजवीकडची की दाबून, माउस त्याच बाजूला हळू वळवत राहिलं, तर आडव्या दिशेने प्रत्येक क्षणी थोडी थोडी भर पडत जाते. यालाच स्ट्रेफ म्हणतात. सुरुवातीच्या सगळ्यांचं बोट सवयीने डब्ल्यू की वर, म्हणजे पुढे जायच्या की वरच असतं. ते उचललंत की अर्धं काम झालं.

टिकचा हिशेब

आमचा सर्व्हर, म्हणजे आम्ही सगळे ज्याला जोडून खेळतो तो कॉम्प्युटर, ऐरोलीला एका मेंबरच्या घरी जुन्या डेस्कटॉपवर चालतो. खेळ २००४ सालचा काउंटर-स्ट्राइक सोर्स, कारण आमच्यातल्या निम्म्यांचे लॅपटॉप नव्या खेळांना पुरे पडत नाहीत. सर्व्हर १०० टिकवर ठेवलाय. सर्व्हर सगळ्यांची जागा आणि वेग पुन्हा पुन्हा नव्याने मोजतो, त्यातली प्रत्येक वेळ म्हणजे एक टिक; १०० टिक म्हणजे सेकंदाला १०० वेळा. १०० टिक असतील तर एक टिक ०.०१ सेकंदाची. म्हणून आमच्या वहीत वेळ नेहमी दोन दशांश स्थळांपर्यंतच येतो. सोर्सचा मूळ टिक साधारण ६६ चा, म्हणजे एक टिक ०.०१५ सेकंदाची, तिथले वेळ ०.०१५ च्या पटीत येतात. काही टाइमर, म्हणजे सर्व्हरवरचे वेळ मोजणारे प्रोग्रॅम, दोन टिकच्या मधला भागही अंदाजाने धरतात, पण आम्ही ते बंद ठेवलंय. जे मोजलं नाही ते वहीत लिहायचं नाही.

आता एक गोष्ट जिच्यावर मी फार ठाम आहे: वेगवेगळ्या टिकवरचे वेळ एका यादीत कधीही मिसळू नका. कारण फक्त मोजण्याच्या बारकाव्याचं नाही, वेगच बदलतो. प्रत्येक टिकला आडवी ३० युनिटांची भर जास्तीत जास्त मिळू शकते. ३०० वेगाने निघालेला माणूस एक सेकंद हवेत अगदी निर्दोष स्ट्रेफ करत राहिला, तर ६६ टिकवर तो साधारण ३८७ ला पोहोचतो, १०० टिकवर ४२४ ला आणि १२८ टिकवर ४५३ ला. (३०० चा वर्ग करा, जितक्या टिक झाल्या तितके ९०० त्यात मिळवा, वर्गमूळ काढा. आलं.) म्हणजे तोच माणूस, तोच हात, तोच मॅप, आणि तरी वेळ वेगळा. तिकडच्या सर्व्हरवरचा तुमचा उत्तम वेळ आमच्या वहीत चढवा असं कुणी म्हटलं तर माझं उत्तर नाही असंच असतं, मग तो कितीही खरा असो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट दिसते. ३०० वेगाला एका टिकमध्ये दीड युनिट वाढतं. १००० वेगाला जेमतेम अर्धं. म्हणून रनच्या सुरुवातीचे काही सेकंद सोन्याचे असतात. सुरुवातीला मिळवलेला वेग पुढच्या सगळ्या वाटेवर कामाला येतो.

घड्याळ कुठे सुरू होतं आणि कुठे थांबतं

मॅपच्या सुरुवातीला एक अदृश्य चौकट असते, स्टार्ट झोन. शेवटी तशीच एंड झोन. टाइमर तुम्ही स्टार्ट झोनमधून बाहेर पडता त्या टिकला सुरू होतो आणि एंड झोनला शिवता त्या टिकला थांबतो. मोठ्या मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्याला चिप लावतात आणि रेघ ओलांडल्यावर तुमचा स्वतःचा वेळ सुरू होतो, तसंच. मागे थांबून कितीही वेळ तयारी करा, त्याचा भुर्दंड नाही.

पण तयारीला मर्यादा आहे. झोनच्या आतच उड्या मारत वेग वाढवून बाहेर पडलात तर घड्याळ सुरू होण्याआधीच तुमच्याकडे फुकटचा वेग जमा झालेला असतो. म्हणून आमच्याकडे झोन सोडतानाचा वेग २९० च्या वर चालत नाही. जास्त असेल तर टाइमर सुरूच होत नाही. प्रत्येक सर्व्हरची ही मर्यादा वेगळी असते, आणि नव्या जागी गेल्यावर मी सगळ्यांत आधी हाच आकडा विचारते.

झोन आखण्यात माझ्या हातून एक चूक झाली होती. ती इथे सविस्तर सांगते, कारण आमची गुणांची सगळी पद्धत तिच्यातूनच निघाली.

चार स्टेजचा, म्हणजे चार टप्प्यांचा, एक मॅप आहे, तिसऱ्या थराचा. थर म्हणजे काय ते पुढे येईल. त्याचा एंड झोन मी आखला होता. झोन आखताना दोन विरुद्ध कोपरे निवडायचे, टाइमर त्यांच्यामध्ये चौकट बनवतो. ही चौकट मॅपच्या अक्षांनाच समांतर असते, तिरकी करता येत नाही. आणि त्या मॅपचा शेवटचा बोळ मात्र तिरका होता. माझ्या लक्षातच आलं नाही. भाच्याचा वेळ आला ५२.४०, आणि अकरावीतल्या मुलाचा ५२.४३. तेव्हा आम्ही क्रमांकावर गुण द्यायचो. तिसऱ्या थराला पहिल्याला ३००, दुसऱ्याला त्याच्या ८० टक्के, म्हणजे २४०. मुलगा काही बोलला नाही, पण रात्री उशिरा त्याने मला दोन रीप्लेचे, म्हणजे रनच्या रेकॉर्डिंगचे, तुकडे पाठवले आणि खाली एकच ओळ: "ताई, आम्ही दोघं एकाच वेळी भिंतीपाशी पोचतोय."

मी दोन्ही रीप्ले शेजारी शेजारी लावून एक एक टिक पुढे सरकवत बघितले. भाचा डाव्या बाजूने आला होता, मुलगा उजवीकडून. बोळ तिरका असल्यामुळे डावीकडे झोनची कड जवळ पडत होती. जवळपास ४५ युनिट जवळ. दोघंही तेव्हा १५०० च्या आसपास वेगात होते, म्हणजे एका टिकला १५ युनिट. ४५ युनिट म्हणजे ३ टिक. ३ टिक म्हणजे ०.०३ सेकंद. त्या दोघांत जो काही फरक होता तो पूर्णच्या पूर्ण माझ्या चौकटीचा होता. ज्या गोष्टीसाठी मी कॅफेतल्या त्या स्टॉपवॉचवर चिडले होते तीच गोष्ट माझ्या झोनमध्ये होती, आणि त्यापायी त्या मुलाचे ६० गुण गेले होते.

एंड झोन मी मागे सरकवून बोळ सरळ होतो तिथे नेला. मुलाला फोन करून माफी मागितली. दोघांचे वेळ बरोबरीचे धरले. पण झोन दुरुस्त केल्यावरही मला चैन पडेना. उद्या दुसऱ्या मॅपवर दुसरी चूक निघेल. नेट अडखळतं, पावसाळ्यात वीज एक क्षण जाऊन येते. मोजमापात दोन-तीन टिकची चूक राहणारच. तेव्हा ठरवलं की घड्याळाची चूक जेवढी असू शकते, त्यापेक्षा मोठा फरक गुणांत पडता कामा नये. ०.०३ सेकंदाला ६० गुण, हे त्या कसोटीवर टिकत नव्हतं.

गुणांचं सूत्र

एका मॅपचे गुण दोन भागांत येतात. एक भाग पूर्ण केल्याचा, दुसरा वेगाचा.

पूर्ण केल्याचा भाग थरावर ठरतो. इतर ठिकाणी टियर म्हणतात, आम्ही थर म्हणतो. ठाण्यात लहानपणापासून गोविंदा बघितलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पाच थरांची सलामी आणि आठ थरांची सलामी यांना एकच बक्षीस कुणी देत नाही. आमच्याकडे सहा थर आहेत. मॅप पूर्ण केल्याबद्दल पहिल्या थराला २५, मग ५०, १००, २००, ४०० आणि सहाव्याला ६००. हे गुण एकदाच मिळतात आणि कधीही कमी होत नाहीत. चौथ्या थराचा मॅप तुम्ही पंधरा मिनिटांत रडतखडत पूर्ण केलात तरी २०० तुमचे. त्या थराला नुसतं शेवटपर्यंत पोहोचणं हीच मोठी गोष्ट आहे, आणि मला ते गुणांत दिसलेलं आवडतं.

वेगाचा भाग असा काढा. सर्व्हरवरच्या सर्वोत्तम वेळेला तुमच्या वेळेने भागा. जो आकडा येईल तो त्याच आकड्याने दोनदा गुणा, म्हणजे घन करा. मग १०० ने गुणा, आणि शेवटी थराच्या आकड्याने गुणा.

घन का? आधी आम्ही नुसता भागाकारच घेत होतो. ५२.४० सर्वोत्तम असताना ज्याला ७१.१० लागले त्याचा भागाकार ०.७३७ येतो, म्हणजे १०० पैकी जवळपास ७४. जवळजवळ एकोणीस सेकंद मागे राहूनही ७४! पुढे जायला मग कारणच उरत नव्हतं. घन केल्यावर तेच ४०.० होतात. आणि ५२.४३ वाल्याचं काय होतं? ९९.८. तिसऱ्या थरासाठी तिपटीने गुणलं तरी पहिल्याशी फरक अर्ध्या गुणाचा. तीन टिकला अर्धा गुण. चौकट पुन्हा चुकली तरी कुणाचं मोठं नुकसान होणार नाही. मला हेच हवं होतं.

तर ७१.१० वाल्याचे तिसऱ्या थराच्या त्या मॅपवरचे एकूण गुण झाले: पूर्ण केल्याचे १०० आणि वेगाचे ४० गुणिले ३, म्हणजे १२०. एकूण २२०.

आता त्या नेहमीच्या प्रश्नाकडे. पुढच्या महिन्यात भाच्याने त्याच मॅपवर ५२.४० चे ४९.९० केले. आणि ७१.१० वाल्याने स्वतःचा वेळ सुधारून ७०.०० केला. त्याचा नवा भागाकार ०.७१३, घन ०.३६२, वेगाचे गुण १०९, एकूण २०९. सुधारणा झाली, आणि गुण २२० वरून २०९ वर आले. चूक कुठेच नाही. वेगाचे गुण तुमच्या एकट्याचे नसतात, ते तुमच्या आणि सर्वोत्तम वेळेच्या मधलं अंतर असतं. समोरचा अडीच सेकंद पुढे सरकला, तुम्ही एक सेकंदापेक्षा थोडं जास्त. अंतर वाढलं.

तरी हे मनाला लागतं, मला माहीत आहे. म्हणून मी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक वेगळा रकाना ठेवते: स्वतःचा आधीचा वेळ आणि आताचा वेळ. तिथे कुणाचंच कधी कमी होत नाही. रविवारी वाचून दाखवताना मी हा रकाना आधी वाचते.

एकूण बेरीज

सगळ्या मॅपचे गुण सरळ बेरीज केले तर एक घोळ होतो. आमच्याकडे झालाय. एकाने सुट्टीत पहिल्या थराचे ४० मॅप रमतगमत पूर्ण केले. सर्वोत्तम वेळेच्या २.७ पट वेळ लावला की घन करून वेगाचे ५ गुण मिळतात, पूर्ण केल्याचे २५, म्हणजे मॅपमागे ३०. चाळीस मॅपचे १२००. आणि दुसरी एक मुलगी, जिने तिसऱ्या थराचे तीन मॅप घाम गाळून प्रत्येकी २२० ला नेले, तिचे ६६०. यादीत तो पहिला आणि ती पाचवी. सगळ्यांनाच ते खटकलं, त्यालाही.

उपाय असा. तुमचे सगळे मॅप गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. पहिल्याचे पूर्ण गुण धरा. दुसऱ्याचे ९५ टक्के, तिसऱ्याचे ९५ च्याही ९५ टक्के, म्हणजे साधारण ९० टक्के, असं खाली जात राहा. त्या मुलीचे ६६० चे ६२८ झाले. चाळीस मॅपवाल्याचे १२०० चे ५२३. या पद्धतीत आणखी एक गंमत आहे: एकाच गुणाचे कितीही मॅप खेळलात तरी बेरीज त्यातल्या २० मॅपच्या पलीकडे जातच नाही. म्हणजे नोकरी-घर सांभाळून आठवड्यातून तीन तास खेळणारी माणसं रोज रात्रभर खेळणाऱ्यांच्या मागे कायमची पडत नाहीत. माझ्यासारख्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

मोठ्या सर्व्हरवर शेकडो-हजारो लोक एक मॅप खेळतात, तिथे क्रमांकाचे आणि टक्क्यांच्या गटांचे गुण चालतात: वरचे दहा, मग वरचे अमुक टक्के, असे. तिथे ते बरोबर आहे. अकरा जणांत वरचे तीन टक्के म्हणजे एक तृतीयांश माणूस. लहान ग्रुपने मोठ्यांची पद्धत उचलू नये.

काय काय वेगळं मोजायचं

स्टाइलप्रमाणे यादी वेगळी ठेवा. बीहॉपमध्ये कुणी नेहमीसारखं खेळतं, कुणी आडवं तोंड करून फक्त पुढची-मागची की वापरतं, कुणी नुसत्या डब्ल्यूवर खेळतं. उडी आपोआप लागण्याची सोय चालू असेल तर तीही वेगळी यादी. आपोआप उडी म्हणजे लबाडी नव्हे. ती फक्त माउसच्या चाकाने (स्क्रोलने) वेळ साधून मारलेल्या उडीशेजारी मांडायची नाही. केझेडमध्ये चेकपॉइंट घेऊन, पडल्यावर तिथे परत येऊन पूर्ण केलेला रन आणि एकदाही परत न येता पूर्ण केलेला प्रो रन, हे दोन वेगळे हिशेब. आम्ही चेकपॉइंटवाल्याला फक्त पूर्ण केल्याचे गुण देतो, वेगाचे नाही. यावर आमच्यात अजून वाद चालू आहे आणि मला दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पटतं, पण सध्या नियम हाच.

असंच वेगळं मांडण्याची रीत या छंदात पहिल्यापासून आहे. क्वेक थ्री या जुन्या खेळावरच्या डिफ्रॅग नावाच्या रनच्या प्रकारात दोन प्रकारचं फिजिक्स आहे, मूळ खेळाचं आणि हवेत जास्त वळू देणारं, आणि दोघांच्या याद्या निराळ्या. टीम फोर्ट्रेस टू या दुसऱ्या खेळात सोल्जर हे पात्र रॉकेटच्या धक्क्याने उडतं, डेमोमॅन स्टिकी बॉम्बच्या. मॅप एकच असला तरी वेळ निराळे लावतात.

रीप्ले

रीप्ले नाही तर रेकॉर्ड नाही. यात मी माझ्या भाच्यालाही सूट देत नाही. टाइमर प्रत्येक उत्तम रनचा रीप्ले स्वतः साठवतो, त्यामुळे कुणाला वेगळं काही करावं लागत नाही. सर्वोत्तम वेळ बदलला की मी तो रीप्ले तीन ठिकाणी थांबवून बघते: झोन सोडतानाचा वेग, प्रत्येक स्टेजचा शेवट, आणि एंड झोनला शिवण्याची टिक. बाजूला सिंकचा आकडा दिसतो, म्हणजे हवेतल्या किती टक्के टिकमध्ये तुमच्या वळण्याने वेग खरंच वाढला. तो चांगल्या खेळाडूचाही वरखाली होतो. लांबलचक रनभर तो एका आकड्यावर खिळून राहिला, तर हात माणसाचा आहे का हे विचारावंच लागतं. मी आधी खासगीत विचारते. ग्रुपवर कुणाचं नाव टाकत नाही, कारण एकदा संशयाने बोललं की ते मागे घेता येत नाही. प्रोग्रॅमच्या मदतीने, टिक टिक करून बांधलेले रन बघायला सुंदर असतात. त्यांची यादी वेगळी.

गुण वाढवायचे कसे

वहीचा खरा उपयोग इथे आहे, म्हणून यावर जरा रेंगाळते.

तो ७०.०० वाला मेंबर एका रविवारी वैतागून म्हणाला, "ताई, रोज खेळतोय, पुढे सरकतच नाही." आम्ही त्याच्या रनचे स्टेजचे वेळ एका बाजूला लिहिले आणि भाच्याच्या ४९.९० चे दुसऱ्या बाजूला. त्याचे: १४.९०, १२.४०, ३२.५०, १०.२०. भाच्याचे: १३.६०, ११.४०, १६.१०, ८.८०. वजाबाकी केली: १.३०, १.००, १६.४०, १.४०. एकूण वीस सेकंदांच्या अंतरातले सोळा एकाच स्टेजमध्ये. आणि तो मात्र रोज पहिल्या स्टेजचा सराव करत होता, कारण रन तिथूनच सुरू होतो आणि बिघडला की माणूस पुन्हा सुरुवातीला जातो.

तिसऱ्या स्टेजचा रीप्ले त्याने भाच्याशेजारी बसून पाहिला. दुसऱ्या रॅम्पवर तो वरच्या कडेजवळ राहत होता. उतरायला भीती, खाली पडू म्हणून. रॅम्पवर खाली जाताना गुरुत्वाकर्षण वेग देतं आणि वर चढताना तोच वेग उंचीत जातो. तो उतरतच नव्हता, मग वेग येणार कुठून? शिवाय रॅम्पवर पडताना तो उभा आदळत होता. रॅम्पच्या कलाशी जुळवून पडलं तर वेग टिकतो, नाहीतर आदळण्यातच जातो. दोन आठवडे त्याने फक्त ती एक स्टेज खेळली. आमच्या टाइमरमध्ये कमांड देऊन थेट त्या स्टेजला जाता येतं. तिथला वेळ एकूण रनमध्ये धरला जात नाही, सरावाला मात्र पुरतं. ३२.५० चे २०.६० झाले. बाकी तीन स्टेज होत्या तशाच. रन आला ५८.१०, गुण २०९ वरून २९०.

नवीन असाल तर पहिला महिना वेगाच्या गुणांकडे पाहूच नका. पहिल्या आणि दुसऱ्या थराचे मॅप पूर्ण करत जा. त्यातले स्टेजचे मॅप आधी घ्या. पडलात तर स्टेजच्या सुरुवातीला येता, सगळा मॅप पुन्हा करावा लागत नाही. सर्फ उटोपियासारखा सलग मॅप नंतर घ्या, तिथे एक चूक म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मग जिथे थराच्या मानाने वेगाचे गुण सगळ्यांत कमी आहेत तो मॅप उचला. तिथेच वाढायला जागा जास्त असते. ९८ चे ९९ करायला जेवढ्या रात्री जातात तेवढ्यात ४० चे ६० होतात, तेही तीन मॅपवर.

मॅपचा थर ठरवताना घाई करू नका. आम्ही निदान दोघांनी पूर्ण केल्याशिवाय थर लिहीत नाही. एकाने केला तर त्याला सोपा वाटलेला असतो.

वही भरण्याची वेळ रविवारी संध्याकाळी सात. त्याआधी झालेले रन त्या आठवड्याचे, नंतरचे पुढच्या. नवीन सर्वोत्तम वेळ आला असेल तर त्या मॅपवरच्या सगळ्यांचे वेगाचे गुण मी नव्याने काढते, अर्धा तास लागतो. कुणाला स्वतःचे गुण पडताळायचे असतील तर सूत्र वर दिलंच आहे. माझा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर मला फोन करा, मागच्या महिन्यात दोनदा माझीच चूक निघाली होती. आणि सर्फ उटोपियाचा एंड झोन अजून तपासायचा राहिलाय. तो होईपर्यंत त्या मॅपचे वेळ पेन्सिलने लिहिलेले आहेत.